दोन गुणपत्रिका आणि एक प्रश्न : श्रेयांकांच्या हस्तांतरणाचा इतिहास

१/
आमच्या घरातील लोखंडी कपाटात एका जुन्या फाइलमध्ये दोन गुणपत्रिका आहेत. एक एफ.वाय.बी.ए.ची, दुसरी एस.वाय.बी.ए.ची. दोन्ही आईच्या, दोन्हींवर ‘उत्तीर्ण’ असा शेरा. तिसरी गुणपत्रिका नाही. दुसऱ्या वर्षानंतर तिचे लग्न झाले, जिल्हा बदलला आणि विद्यापीठही बदलले. नव्या विद्यापीठाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आले, ‘अभ्यासक्रम जुळत नाही. पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्या.’ तिने तो घेतला नाही.

२/
इतिहासात एम.ए. करू लागल्यापासून त्या खिडकीवरचे वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. माणसाने एके ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी मोजले जावे की नाही, हे कोण ठरवते? कोणत्या मापाने ठरवते? आणि ते माप आले कोठून? या प्रश्नांवर सर्वाधिक प्रयोग, आणि सर्वाधिक भांडणे, अमेरिकेत झाली. म्हणून आजच्या धाग्यात आपण मुख्यतः अमेरिकेत फिरणार आहोत. वाटेत लंडन आणि मुंबई असे दोन थांबे आहेत.

३/
आधी परिभाषा पाहू. अमेरिकेत पदवीसाठी साधारणतः १२० क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, लागतात. आठवड्याला एक तास याप्रमाणे एक सत्रभर वर्गात शिकले की एक श्रेयांक, असा स्थूल हिशेब असतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, कमी शुल्काचे, सर्वांना प्रवेश देणारे स्थानिक महाविद्यालय. तेथे ६० श्रेयांक मिळवावेत आणि उरलेले ६० विद्यापीठात पूर्ण करावेत, ही झाली एक वाट. वर्गात न बसता केवळ परीक्षा देऊन श्रेयांक मिळवावेत, ही दुसरी.

४/
दोन्ही वाटा कागदावर सरळ दिसतात. प्रत्यक्षात त्या एका संशयातून जातात : ‘दुसऱ्याने शिकवलेले आम्ही खरे का मानावे?’ श्रेयांकांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हा या संशयाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रेयांकांची गरजच नव्हती. अमेरिकी महाविद्यालयांत लॅटिन, ग्रीक, गणित आणि नीतिशास्त्र असा ठरीव अभ्यासक्रम असे. सारा वर्ग तोच क्रम चालत असे. १८६९मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढील चाळीस वर्षांत त्यांनी हा ठरीव क्रम मोडीत काढला. विद्यार्थ्याने आपले विषय स्वतः निवडावेत, असा त्यांचा आग्रह होता. परंतु प्रत्येक जण वेगळे शिकू लागला, तर पदवीपुरते पुरेसे शिकून झाले हे कसे ओळखायचे? त्यासाठी मोजता येईल असे एकक हवे होते.

६/
ते एकक रूढ होण्यामागे जे कारण घडले, ते वाचताना मला हसू आले होते. त्याचा उगम प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनात आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्यातून ‘कार्नेगी फाउंडेशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ टीचिंग’ ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते हेन्री प्रिचेट. त्यापूर्वी ते एमआयटीचे अध्यक्ष होते.

७/
पैसे तयार होते. पण ते द्यायचे कोणाला? त्या काळी माध्यमिक शाळेहून फारशी वेगळी नसलेली संस्थाही आपल्या दारावर ‘कॉलेज’ अशी पाटी लावू शकत होती. म्हणून फाउंडेशनने ‘महाविद्यालय कशाला म्हणावे’ याच्या अटी ठरवल्या. त्यांपैकी एक प्रवेशाविषयी होती : विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत १४ ‘युनिट’ पूर्ण केलेले असावेत. एक युनिट म्हणजे एका विषयाचा वर्षभरातील सुमारे १२० तासांचा अभ्यास. हेच ते प्रसिद्ध ‘कार्नेगी युनिट’.

८/
कोणत्याही सरकारने तसा हुकूम काढला नव्हता. परंतु आपल्या प्राध्यापकांना निवृत्तिवेतन मिळावे असे कोणत्या महाविद्यालयाला वाटणार नाही? महाविद्यालयांनी अटी स्वीकारल्या आणि त्यांच्यासाठी विद्यार्थी तयार करणाऱ्या शाळांनीही आपले वेळापत्रक त्या साच्यात बसवले. धार्मिक पंथाच्या नियंत्रणाखालील संस्थांना हे निवृत्तिवेतन मिळणार नव्हते. तेव्हा काही महाविद्यालयांनी आपले पंथीय संबंधही तोडले. अभ्यासक्रमावर पैशाचा एवढा शांत आणि एवढा खोल परिणाम क्वचितच झाला असेल.

९/
पाठोपाठ तासांचा हा हिशेब महाविद्यालयाच्या आतही शिरला. १९१०मध्ये फाउंडेशनने मॉरिस कुक या अभियंत्याचा अहवाल प्रसिद्ध केला. कुक हे कारखान्यांतील कार्यक्षमतेचे शास्त्र मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचे सहकारी. एका विद्यार्थ्याने एक तास घेतलेले शिक्षण हे एकक धरून महाविद्यालयाचा खर्च व काम मोजावे, असे त्यांनी सुचवले. कारखान्यात नग मोजतात तसे येथे तास मोजले जाऊ लागले.

१०/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे माप ज्ञानाचे नव्हते, वेळेचे होते. विद्यार्थी वर्गात किती तास बसला हे त्यातून कळे. त्याला काय आले हे कळत नसे. गंमत अशी की, हे सर्वप्रथम ठासून दाखवले ते त्याच कार्नेगी फाउंडेशनने. विल्यम लर्नेड आणि बेन वुड यांनी पेन्सिल्व्हेनियातील हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि १९३८मध्ये निष्कर्ष मांडले. पदवीच्या उंबरठ्यावरील काही विद्यार्थ्यांहून माध्यमिक शाळेतील काही मुलांना अधिक येत होते. श्रेयांक भरले होते. ज्ञान मात्र त्या प्रमाणात भरलेले नव्हते.

११/
मग वेळेऐवजी थेट परीक्षाच प्रमाण का मानू नये? ही कल्पना अमेरिकेहून जुनी आहे. तिच्यासाठी लंडनला जावे लागते. १८३६मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हते. ते परीक्षा घेई आणि पदवी देई. आरंभी उमेदवाराला संलग्न महाविद्यालयाचे प्रमाणपत्र आणावे लागे. १८५८च्या सनदेने ती अट काढून टाकली. वैद्यकशास्त्रासारखा अपवाद वगळता कोणीही, कोठेही, कसाही अभ्यास करावा, परीक्षा द्यावी आणि उत्तीर्ण झाल्यास पदवी घ्यावी. बहिःस्थ विद्यार्थ्याचा जन्म हा असा झाला.

१२/
या दाराने कोण आत आले ते पाहा. दिवसा शिकवून रात्री अभ्यास करणारे शिक्षक आले. १८७८मध्ये याच विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या स्त्रियांना त्यासाठी पुढे कित्येक दशके थांबावे लागले. विज्ञानकथांचे जनक मानले जाणारे एच. जी. वेल्स यांनी पूर्णवेळ शिक्षण मध्येच सुटल्यानंतर १८९०मध्ये याच बहिःस्थ मार्गाने बी.एस्सी. पदवी मिळवली. ‘कोठे शिकलात?’ हा प्रश्न बाजूला ठेवला, की किती माणसे आत येऊ शकतात, हे लंडनने दाखवून दिले.

१३/
आता मुंबई. १८५४च्या वुडच्या खलित्यात भारतातील नियोजित विद्यापीठांसाठी लंडनचाच नमुना सुचवला होता. त्यानुसार १८५७मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे स्थापन झाली. तीही प्रारंभी स्वतः न शिकवणारी, केवळ परीक्षा घेणारी. परंतु तारखांकडे लक्ष द्या. आपल्याकडे लंडनचा जुना नमुना आला, तोही संलग्न महाविद्यालयाच्या प्रमाणपत्राच्या अटीसह. पुढच्याच वर्षी लंडनने ती अट सोडली. आपल्याकडे ती टिकली.

१४/
मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हे दोघे एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले. परीक्षा विद्यापीठाची, पण तिला बसण्यासाठी महाविद्यालयात ‘टर्म भरणे’ आवश्यक. हा शब्दप्रयोग आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत मराठीत सर्रास चालत असे. त्यात एक संपूर्ण शैक्षणिक धोरण दडलेले आहे : तुम्हाला काय येते याआधी तुम्ही कोठे, किती काळ हजर होता हे महत्त्वाचे. माझ्या आईच्या खिडकीची वीट मला येथे सापडते.

१५/
पुन्हा अमेरिकेकडे. शिकागोजवळ जोलिएट नावाचे औद्योगिक गाव आहे. १९०१मध्ये तेथील माध्यमिक शाळेत सहा विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांची ही योजना. जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे आज चालू असलेले अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते.

१६/
हार्पर यांचा हेतू उदात्त होता, असे सरसकट म्हणता येत नाही. जर्मन विद्यापीठांचा आदर्श समोर ठेवणाऱ्या त्या काळच्या अनेक अध्यक्षांना पहिली दोन वर्षे हे ओझे वाटत होते. ती अन्यत्र शिकवली जावीत आणि विद्यापीठाने संशोधनाकडे लक्ष द्यावे, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे एकाच योजनेला दोन अर्थ होते. गावातील मुलासाठी ते विद्यापीठाचे जवळचे दार होते. विद्यापीठासाठी ते गर्दी बाहेर थोपवणारे अंगण होते. हा दुहेरीपणा कम्युनिटी कॉलेजला आजही सोडून गेलेला नाही.

१७/
मात्र जोलिएटमध्ये एक गोष्ट नीट झाली होती. शिकवणारा आणि स्वीकारणारा हे दोघे आधी एकत्र बसले होते. येथे शिकलेले तेथे चालेल हे विद्यार्थी दारात येण्यापूर्वीच ठरलेले होते. पुढे १९०७मध्ये कॅलिफोर्नियाने माध्यमिक शाळांना असे वर्ग चालवण्याची कायद्याने मुभा दिली आणि १९१०मध्ये फ्रेस्नो येथे ते सुरू झाले. ज्युनिअर कॉलेजे राज्याराज्यांत पसरली. संख्या वाढली तशी ती आधीची बैठक मात्र दुर्मीळ होत गेली.

१८/
परीक्षेच्या वाटेला अमेरिकेत खरा वेग दिला तो युद्धाने. पहिल्या महायुद्धानंतर अनेक महाविद्यालयांनी परतलेल्या सैनिकांना केवळ सेवेबद्दल घाऊक श्रेयांक देऊन टाकले होते. काय शिकला, हे विचारलेच नाही. त्या उदारपणाने सैनिकांचे भले झाले नाही आणि पदवीचेही नाही. दुसऱ्या महायुद्धात ही चूक पुन्हा होऊ नये, असे ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ या संस्थेने ठरवले.

१९/
१९४२मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे सैनिकांना पत्रद्वारा शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. पुढे ती ‘आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली गेली. तंबूत, जहाजावर, छावणीत बसून तरुण बीजगणित आणि इतिहासाचे पाठ सोडवत होते. त्यांच्यासाठी प्रमाणित चाचण्या तयार झाल्या. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीची ‘जीईडी’ परीक्षा त्याच प्रयत्नातून आली. लष्करातील कोणते प्रशिक्षण महाविद्यालयीन किती श्रेयांकांच्या बरोबरीचे, याची मार्गदर्शिका कौन्सिलने प्रसिद्ध केली. रडार दुरुस्त करायला शिकलेल्या माणसाचे ज्ञान प्रथमच विद्यापीठाच्या भाषेत उतरवले जात होते.

२०/
२२ जून १९४४ रोजी ‘जीआय बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा झाला. त्याखाली सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. तथापि हे दार सर्वांसाठी सारखे उघडले नाही. दक्षिणेतील वर्णभेदी व्यवस्थेत कृष्णवर्णीय सैनिकांना बहुसंख्य महाविद्यालये बंदच होती. श्रेयांक हस्तांतरणीय झाले तरी माणूस आत जाऊ शकेलच असे नाही, हेही या इतिहासात नोंदवून ठेवले पाहिजे.

२१/
१९४७मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. जॉर्ज झूक हे त्याचे अध्यक्ष. ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ झाली ती प्रामुख्याने या अहवालामुळे. ‘ज्युनिअर’ या शब्दात धाकटेपणा होता. ‘कम्युनिटी’ या शब्दाने ते महाविद्यालय आपल्या गावाला जोडले गेले. पुढच्या दोन-तीन दशकांत कामगारांची मुले, स्थलांतरित, मुलेबाळे असलेल्या स्त्रिया आणि नोकरी करणारे प्रौढ या महाविद्यालयांत आले.

२२/
परीक्षेच्या वाटेवरही नागरी जीवनासाठी सोय झाली. शाळकरी मुलांनी महाविद्यालयीन पातळीची परीक्षा द्यावी यासाठीचा ‘एपी’ कार्यक्रम कॉलेज बोर्डाने १९५५मध्ये हाती घेतला होता. १९६७मध्ये त्याच बोर्डाने ‘क्लेप’ ही परीक्षामाला आणली. ती मुख्यतः प्रौढांसाठी होती. स्वतः वाचून, नोकरीत राहून, आयुष्यातून जे शिकलात ते परीक्षेत दाखवा आणि श्रेयांक घ्या. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि ५० गुणांना श्रेयांक द्यावेत, अशी शिफारस आहे. शिफारस, आदेश नव्हे. अंतिम निर्णय ज्या त्या विद्यापीठाचा.

२३/
ही वाट सर्वांत दूर नेली ती न्यू यॉर्कने. तेथील राज्याचे शिक्षण आयुक्त इवाल्ड नायक्विस्ट यांनी मांडलेल्या कल्पनेतून १९७१मध्ये ‘रीजंट्स एक्स्टर्नल डिग्री’ सुरू झाली. वर्ग नाहीत, वसतिगृह नाही, नित्याचा अध्यापकवर्ग नाही. कम्युनिटी कॉलेजचे, लष्करी प्रशिक्षणाचे, परीक्षांचे असे विखुरलेले श्रेयांक एकत्र करून पदवी द्यायची. लंडनची १८५८ची कल्पना जणू नव्या वेशात अवतरली. १९७२मध्ये न्यू जर्सीत आणि १९७३मध्ये कनेक्टिकटमध्ये अशीच महाविद्यालये निघाली. न्यू जर्सीतील संस्थेला थॉमस एडिसन यांचे नाव देण्यात आले. त्यांनी स्वतः महाविद्यालयाची पदवी घेतलेली नव्हती.

२४/
मग प्रश्न सुटला का? त्यासाठी थोडे मागे, १९६०च्या कॅलिफोर्नियात जाऊ. क्लार्क केर यांच्या पुढाकाराने उच्च शिक्षणाची बृहत्‌योजना झाली. शाळा संपवणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालये आणि सर्वांना कम्युनिटी कॉलेज. जे प्रथम वरच्या चाळणीत बसले नाहीत, त्यांनी दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकून विद्यापीठात यावे, हे सारे न्याय्य ठरवणारा दुवा म्हणजे हस्तांतरण. तो दुवा मजबूत राहिला, तरच योजनेला अर्थ होता.

२५/
त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले, की अशी महाविद्यालये विद्यापीठाची आकांक्षा घेऊन आलेल्या अनेकांना हळूहळू, समुपदेशनाच्या सौम्य भाषेत, ती आकांक्षा सोडायला लावतात. कोणी ‘नाही’ म्हणत नाही. विद्यार्थी स्वतःच ‘आपल्याला जमणार नाही’ या निष्कर्षाला येतो. हार्पर यांच्या काळातला दुहेरीपणा येथे उघडा पडला.

२६/
श्रेयांक नेमके हरवतात कसे, हेही समजून घेऊ. एक मुलगी कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्राचा ३ श्रेयांकांचा विषय उत्तीर्ण होते. विद्यापीठ ते ३ श्रेयांक ‘स्वीकारते’, पण ऐच्छिक या रकान्यात टाकते. आपल्या पदवीसाठी आवश्यक असलेला मानसशास्त्राचा विषय पुन्हा घ्यायला सांगते. कागदावर काहीच हरवले नाही. प्रत्यक्षात तिचे शुल्क, एक सत्र आणि उमेद गेली. नकार देण्याची ही पद्धत उघड नकारापेक्षा अवघड असते, कारण तिच्याविरुद्ध तक्रार तरी काय करायची?

२७/
अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७मध्ये याचा हिशेब मांडला. २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांनी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक गमावले. सरासरी १३ श्रेयांक, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण सत्र. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांना पुढे पदवी घ्यायची असते. सहा वर्षांत ती हाती पडते सहापैकी सुमारे एकाला. या गळतीची कारणे अनेक आहेत. पण हरवलेले श्रेयांक हे त्यांतील एक निश्चित कारण आहे.

२८/
विद्यापीठांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. कलनशास्त्राचा पहिला भाग कच्चा राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या भागात बुडतो; तेव्हा ‘आमच्याकडचेच शिका’ म्हणणारा प्राध्यापक प्रत्येक वेळी दुराग्रही असतो असे नाही. अभ्यासक्रम ठरवणे हा अध्यापकांचा अधिकार आहे, ही भूमिकाही हलकी नाही. न्यू यॉर्कच्या नगर विद्यापीठाने २०१३मध्ये आपल्या सर्व महाविद्यालयांसाठी समान पायाभूत अभ्यासक्रम लागू केला, तेव्हा अध्यापक संघटनेने त्याला कडाडून विरोध केला होता. मात्र पुन्हा घ्यायला लावलेल्या प्रत्येक विषयाचे शुल्क विद्यापीठाच्या खात्यात जमा होते, हे सत्यही दृष्टिआड करता येत नाही.

२९/
फ्लोरिडाने वेगळा मार्ग काढला. १९७१मध्ये तेथे कम्युनिटी कॉलेजे आणि विद्यापीठे यांच्यात राज्यव्यापी करार झाला. त्याच दशकात सर्व सार्वजनिक संस्थांतील विषयांना समान क्रमांक देण्याची पद्धत आली. एका गावातील विषयाचा आणि दुसऱ्या गावातील विषयाचा क्रमांक एक, तर तो विषयही एक. वाद घालायचा असेल, तर अध्यापकांनी क्रमांक देतानाच घालावा. विद्यार्थी खिडकीवर उभा असताना नव्हे.

३०/
या साऱ्या इतिहासातून मला जे दिसते ते एवढेच. वेळेचे माप की परीक्षेचे माप, हा वाद खरा असला, तरी निर्णायक नाही. तास भरूनही ज्ञान नसू शकते आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही विद्यापीठ पाठ फिरवू शकते. ज्ञान दुसऱ्या दारात चालले ते तेव्हाच, जेव्हा संस्थांनी आधी एकत्र बसून जबाबदारी घेतली : जोलिएट आणि शिकागोने, युद्धकाळातील कौन्सिलने, फ्लोरिडाने. जेथे ही जबाबदारी विद्यार्थ्यावर ढकलली गेली, तेथे संस्थांमधील अविश्वासाची किंमत त्याने मोजली. आणि ती सर्वाधिक मोजली ती बदली, लग्न, नोकरी, दारिद्र्य यांमुळे ज्यांना एका जागी राहणे शक्य नव्हते, त्यांनी.

३१/
आज हा प्रश्न आपल्या दारात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१मध्ये ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम काढले. विद्यार्थ्याच्या खात्यात श्रेयांक साठतील, तो संस्था बदलू शकेल, मध्येच थांबून परत येऊ शकेल. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतील. श्रेयांकांची मुदत कमाल सात वर्षांची. ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभाही नियमांत आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९पासून घरी बसून शिकणाऱ्यांसाठी दार उघडले, त्याच्या पुढचे हे पाऊल आहे.

३२/
परंतु खाते उघडणे आणि श्रेयांक वटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकेच्या अनुभवाने शिकवले आहे. तुमच्यापैकी जे संस्था बदलणार असतील, त्यांना इतिहासाच्या विद्यार्थिनीचा एक व्यावहारिक सल्ला : प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. नव्या संस्थेला ‘श्रेयांक घ्याल का?’ एवढेच विचारू नका. ‘कोणत्या विषयाच्या बदल्यात घ्याल?’ असे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कागद हे पुराव्याचे साधन आहे, हे आपल्या विषयाने आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलेले असते.

३३/
हा धागा लिहिण्यापूर्वी मी आईला त्या गुणपत्रिका बाहेर काढायला लावल्या. एस.वाय.ला तिचा एक विषय इतिहास होता. गुण माझ्यापेक्षा चांगले आहेत. ‘आता याचे कोठे काही होईल का?’ असे तिने विचारले. सात वर्षांच्या मुदतीचा नियम मला माहीत होता, म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, ‘मुक्त विद्यापीठात पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.’ ती थोडा वेळ गुणपत्रिकेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘पहिल्या वर्षाला इतिहास आहे का, ते बघ.’

३४/
अभ्यासक्रम मी शोधून ठेवला आहे. तुमच्या घरातही अशा अर्ध्यावर थांबलेल्या गुणपत्रिका असतील, तर त्यांची गोष्ट येथे जरूर लिहा. शिक्षणाच्या इतिहासात या माणसांची नोंद फारशी कोठे झालेली नाही.